बोटांचा हवाला

"काका, बीजुं चंपल क्यां गयुं?" चहाच्या लारीवाल्याने विचारलं तेव्हा निंबा आधी हसला. हा लारीवाला काठियावाडी, मस्करी केल्याशिवाय त्याचा चहा उकळत नाही हे सगळ्या उधन्याला ठाऊक. मग त्याने खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय उघडा होता, टाचेपर्यंत काळा झालेला. म्हणजे कारखान्यापासून लारीपर्यंत तो असाच चालत आला होता. मधे गटाराचं काम निघालंय, खडी पडलीय, संक्रांतीच्या पतंगांचा काचेचा मांजा अजून रस्त्यावर गुंतून लोळतोय. खडी काय कुणाची भीड ठेवते? टोचलीच असणार. त्याने लारीच्या फळीला धरून पाय उलटा करून पाहिला. तळव्यात एक खडा रुतून बसला होता. तो त्याने नखाने काढला, आणि काढताना त्याला असं वाटलं की आपण दुसऱ्याच कुणाचा तरी पाय हातात घेऊन बसलोय, एखाद्या म्हाताऱ्या पाहुण्याचा, ज्याला स्वतःला वाकता येत नाही. "रही गयुं कारखानामां," तो म्हणाला. लारीवाल्याने ग्लास पुढे केला होता. तो तसाच फळीवर ठेवून निंबा मागे वळला. एरवी चहा टाकून तो कधी उठला नसता.

पाय गेले तर गेले, हे त्याने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. रस्ता न्याहाळत, गटाराच्या कडेकडेने चालताना तो तेच स्वतःला पुन्हा सांगत होता. पायांचं काय, पाय नजरेनं सांभाळता येतात. जिथे ठेवायचा तिथे बघून ठेवावा, संपलं. शिवाय या पायांनी असं काय मोठं केलं होतं? धुळ्याहून सुरतेच्या गाडीत बसवलं आणि उधन्याला उतरवलं, एवढंच. खाल्लं ते बोटांचं. यंत्रमागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की मागे नव्या ताण्याचा रूळ, बीम, चढवतात, आणि जुन्या ताण्याची एकेक तार नव्या ताण्याच्या एकेक तारेला जोडावी लागते. हजारो तारा, केसाहून बारीक. डबीतली राख अंगठ्याला लावायची, दोन टोकं चिमटीत घ्यायची, एक पीळ, एक मुरड, की पुढची. बड्या कारखान्यांतून आता हे काम यंत्रं करतात, पण या गल्ल्यांतल्या जुन्या मागांना यंत्र लावतो कोण? तिथे निंबाच लागतो. कडोदऱ्यापासून बोलावणी यायची. निंबाने जोडलेला बीम पुढे सरकवला की एक तार तुटायची नाही, अशी ख्याती होती. त्यामुळे आतड्यात कॅन्सर निघाला, पोट फाडून तेवढा तुकडा काढला, आणि आता महिनोन्‌महिने सलाईनमधून औषध घ्यावं लागेल असं जेव्हा सांगण्यात आलं, तेव्हा त्याने केसांचं विचारलं नाही, उलट्यांचं विचारलं नाही. डॉक्टरबाईने स्वतःच सांगितलं, की हे औषध नसांवर उतरतं, हातापायांची बोटं बधिर होतात, कुणाची कमी, कुणाची जास्त. निंबाला तेव्हा जी भीती वाटली ती कॅन्सरचं नाव ऐकूनही वाटली नव्हती. घरी येऊन तो चंचलला म्हणाला होता, "हात गयात तर मी जगीसन काय करू?" आणि चंचल, जी उभ्या संसारात त्याला कधी उलटून बोलली नव्हती, ती ताडकन म्हणाली होती, "मंग मी काय तुमना हातसंगे लगीन लायं व्हतं का?"

चप्पल दिसत नव्हती. खडीच्या ढिगाशी एक तुटका पट्टा दिसला, पण तो कुणा बाईचा. पहिल्या सलाईननंतरचे दिवस त्याला आठवले. माठातलं पाणी प्यायला तर घशात काटे. शेजारणीच्या फ्रिजचं हँडल धरलं तर करंट लागल्यासारखा हात झटकला गेला. पितळी तांब्या, लोखंडी कडी, पहाटेची फरशी, काही म्हणून गार चालेना. तो घाबरून गेला, इतका की राखेची डबी उघडायची हिंमत होईना. तेव्हा चंचलचा भाचा महेश आला. महेश औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो आणि डॉक्टर नसल्याचं त्याला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्याने कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या गोळ्यांची डबी आणून दिली आणि सांगितलं, मामा, नस म्हणजे वायर, तिला खनिज लागतं, हे औषध खनिज ओढून घेतं, तुम्ही वरून भरत राहा, वायर जळणार नाही. किती साधी गोष्ट! निंबाला ती लगेच पटली. गावाला म्हशी गोठ्याची भिंत चाटायला लागल्या की बाप मिठाचा खडा टांगायचा, आणि म्हशी सुधारायच्या, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. डॉक्टरबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "खाओ, काका, तुम्हाला नुकसान नाही. पण त्याच्यावर भरोसा नका ठेवू. आम्ही लोक पहले सलाईनमधून पण देत होतो. मग बरोबर तपासून पाहिलं, ज्याला दिलं आणि ज्याला नाही दिलं, दोघांत फरक काही नाही दिसला." निंबाने त्यातलं 'खाओ' तेवढं उचललं. मग गोळ्या सुरू झाल्या, आणि चारआठ दिवसांत गारठ्याचे काटे गेले, हँडल धरता आलं, तांब्या उचलता आला. काटे तर असेही जायचेच होते. ते प्रत्येक सलाईननंतर येतील आणि आपसूक जातील, हे बाईने सांगितलेलं होतं. पण माणूस गोळी खातो आणि दुखणं जातं, तेव्हा तो कुणाचे आभार मानणार? चंचलने डबी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, म्हाळसाईच्या टाकाशेजारी. घरातून पाऊल बाहेर टाकायच्या आत तिचा प्रश्न ठरलेला: "गोयी लिधी का?"

आणि बाईचं एक म्हणणं होतं, ते त्याला आता, डावा पाय बघून बघून टाकताना, शब्दन्‌शब्द आठवत होतं. काका, बधिरपणा वाढला तर मला वेळेवर सांगा. मी हे औषध कमी करीन, लागलं तर बंद करीन, दुसऱ्यावर चालवीन. पण लपवू नका. हे असं आहे की बंद केल्यावरही काही महिने वाढत जातं, आणि मग माझ्या हातात काही राहत नाही. लपवलं कुठे होतं त्याने? दर खेपेला ती विचारायची, "हाथमां खाली चढे छे?" हात बधिर होतात का, असं, आणि तो खरं तेच सांगायचा. मुंग्या येतात थोड्या, पण बेन, मी बीम जोडतोय. एक तार तुटत नाही. एकदा तर त्याने शर्टाच्या कडेचा दोरा उसवून काढला, तोडला, आणि तिच्या टेबलावर तिच्यासमोर जोडून दाखवला. ती खूश झाली. म्हणाली, वाह काका, असा पेशंट पहिला पाहिला. जोड ओढून बघायचा असतो हे तिला काय माहीत. आणि त्यालाही त्या वेळी ओढून दाखवायचं सुचलं नाही. ते आत्ता सुचलं, आणि तो खडीच्या ढिगापाशी जागच्या जागी थबकला. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याने त्याला जाऊ दिलं.

काम शिकला तो शालिग्रामदादाच्या हाताखाली. शालिग्रामदादा शिरपूरकडचा, तंबाखूचा तोबरा आणि जिभेवर शिव्या. त्याने पहिल्याच दिवशी निंबाच्या डोळ्यांवर गमछा बांधला आणि त्याला ताण्यासमोर बसवलं. डोळ्यांनी करशील तर संध्याकाळपर्यंत आंधळा होशील, म्हणायचा, बोटांनी शोध. आणि निंबाने शोधलं. आठवडाभर तारा तोडल्या, शिव्या खाल्ल्या, मग एके दिवशी अंगठ्याखाली तारेचा पीळ लागला, खरखरीत, सुटा, जिवंत. तिथून पुढे सगळं आयुष्य त्याने डोळे मिटून जोडकाम केलं. मागांच्या त्या खडखडाटात डोळे मिटून बसायचं आणि हातांना त्यांच्या वाटेनं जाऊ द्यायचं, हेच त्याचं सुख होतं, हीच पूजा. चंचलला त्याने एकदा सांगून पाहिलं होतं, तर तिने तोंडाला पदर लावून हसून घेतलं. पण आता त्याच्या लक्षात आलं की दिवाळीपासून तो डोळे उघडे ठेवूनच काम करतोय. चष्मासुद्धा करून घेतला. वय झालं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सगळ्यांत आधी स्वतःला.

कारखान्याचं दार ढकललं आणि नेहमीचा खडखडाट अंगावर आला. चप्पल दारातच पडलेली होती, उंबऱ्याला अडकून, पट्टा वर, तळ खाली, अगदी शहाण्यासारखी. तो ती पायात सरकवणार होता. पण कोपऱ्यातल्या बंद मागाकडे त्याची नजर गेली, आणि चप्पल राहिली.

जोडकाम जोडीनं होतं. एक उजव्या कडेनं सुरू करतो, एक डाव्या, आणि दोघं मधे येऊन भेटतात. निंबाची बाजू डावी, लोटूची उजवी. लोटू त्याच्याच गावाकडचा, वयाने बराच लहान, त्याला आप्पा म्हणणारा. दोघं भेटले की वडीलधाऱ्याने उठून चहाला आणि तिथूनच घरी जायचं आणि धाकट्याने बीम पुढे सरकवून घ्यायचा, ही शालिग्रामदादाच्या वेळेपासूनची रीत. जोडलेला ताणा मागाच्या फणीतून निघताना, जिथे कच्चा जोड सुटतो, तिथे वडीलधाऱ्याने समोर उभं राहणं म्हणजे आपल्याच जोडावर शंका घेणं. तशी कुणाची प्राज्ञा नव्हती. निंबा तरणा होता तेव्हा दादा चहाला जायचा. आता निंबा जातो. इतकी वर्षं जातोय की बीम सरकवताना काय काय होतं ते त्याने अलीकडे पाहिलेलंच नाही, लागलीच कधी गरज?

लोटू बीम सरकवत नव्हता. तो डाव्या बाजूला, निंबाच्या पाटावर, पाठ करून बसला होता. हात भराभर चालत होते. एक तार चिमटीत घ्यायचा, हलकेच ओढायचा. ती सुटायची. पुन्हा जोडायचा. पुढची ओढायचा. तीही सुटायची. घाईघाईने, मान खाली घालून तो निंबाचा सगळा दिवस उसवत होता आणि पुन्हा घालत होता. निंबाचीच राखेची डबी त्याच्या मांडीशी उघडी होती. निंबा त्याच्या मागे उभा राहिला. त्याला राग यायला हवा होता. रागाची त्याने वाटसुद्धा पाहिली. पण आधी आलं ते कौतुक, काय हात आहे पोराचा! 

लोटूने सावली पाहून मान वळवली, आणि त्याचं तोंड उतरलं.

"कव्हयपाईन?" निंबाने विचारलं. कधीपासून. खडखडाटात ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा विचारलं.

"चहा नही पिना का, आप्पा?"

"लोटू, कव्हयपाईन?"

लोटूने राखेची डबी उगाच बंद केली, पुन्हा उघडली. "दिवायीपाईन," तो म्हणाला. "पहिले एखादा जोड सुटे. मंग बराच. मंग बठ्ठाच." आणि तो रडायच्या बेताला आला. "कसं सांगू, आप्पा? तुम्हीन रोज सांगेत, गोयी लागू पडनी, गोयी लागू पडनी. काकी जेवाना डबामा मनाकरता गोडधोड धाडे, म्हने तुमना आप्पाना हात वाची गयात. मनं तोंडच नही उघडनं."

निंबा खाली बसला. समोरची एक तार त्याने चिमटीत घेतली, म्हणजे अंगठा आणि तर्जनी तिच्याजवळ नेऊन मिटली, आणि डोळे मिटले. काही नव्हतं. चिमटीत तार आहे की नाही, चिमूट मिटली आहे की नाही, हात तिथे आहे की नाही. डोळे उघडले तर तार बाजूलाच लोंबत होती. दिवाळीपासून. म्हणजे दर खेपेला डॉक्टरबाईसमोर बसून त्याने ज्या बोटांचा हवाला दिला होता, ती बोटं लोटूची होती. लोटूची बोटं शाबूत आहेत, असं तो बाईला सांगत होता, आणि बाई त्या भरवशावर निंबाच्या अंगात औषधाची अख्खी बाटली सोडत होती. दिवाळीनंतरची प्रत्येक बाटली. कुणी कुणाला फसवलं? लोटूने मायेपोटी केलं. महेशने भाबडेपणाने. चंचलने तर देवापाशी ठेवून. आणि तो स्वतः? त्याने फक्त रीत पाळली, चहाला गेला.

"ऱ्हाऊ दे," तो लोटूला म्हणाला. "करी टाक पुरं. शेठले उद्या माल पाहिजे." मग आणखी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "हात बेस बसना तुना." लोटू पुन्हा ताण्याकडे वळला, पण त्याला काही सुधरेना, चिमटीतली तार पुन्हा पुन्हा सुटायला लागली. निंबाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट ओला असेल, गरम असेल, पोराचा श्वास लागत असेल. तो फक्त बघत राहिला, आपला हात त्या पाठीवर कसा वरखाली होतोय ते.

घरी त्याने काही सांगितलं नाही. सांगणार होता, जेवल्यावर सांगू म्हणाला, जेवल्यावर चंचल भांडी घेऊन बसली. तिच्या हातातलं भांडं निसटलं आणि मोरीत आपटलं, तिने ते उचललं, तिच्या अंगठ्याने कडेचा चिकटपणा चाचपला आणि पुन्हा घासलं. किती सहज! जगात सगळे जण दिवसभर हेच करत असतात, चाचपतात, आणि कुणाला त्याची किंमत नाही. तिने हात पुसत देव्हाऱ्यातली डबी आणली. "गोयी लिधी का?" त्याने तळहात पुढे केला. तिने गोळी ठेवली. ती ठेवली गेली हे त्याला पाहून कळलं. त्याने ती तोंडात टाकली, पाणी प्यायला, आणि चंचल समाधानाने म्हणाली, "आते थोडाच दिन ऱ्हायनात." त्याला वाटलं, हिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडावं. पण तिच्या चेहऱ्यावरचं ते समाधान आपण सांगितल्यावर किती टिकेल याचा तो हिशोब करायला लागला, आणि त्यात रडणं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चंचल सोबत होतीच. डॉक्टरबाईने कागद पाहिले, वजन पाहिलं, आणि पेन उघडत नेहमीचं विचारलं, "बोलो काका. हाथमां खाली चढे छे?"

"बेन," निंबा म्हणाला, "तुम्ही तपासून बघा."

बाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. चंचलनेही पाहिलं. तिचं हसू अजून तोंडावर तसंच होतं, बीम जोडल्याचं आता तो सांगेल म्हणून थांबलेलं. बाईने खण उघडून कापसाचा बोळा काढला, एक बोथट सुई काढली. म्हणाली, हात टेबलवर ठेवा, असे, उताणे. चप्पल काढा, पाय या स्टुलावर. आता डोळे बंद करा. मी बोटांना लावीन, तुम्हाला जिथे समजेल तिथे 'हो' म्हणायचं. नाही समजलं तर काही बोलू नका.

निंबाने डोळे मिटले. मिटताच त्याला शालिग्रामदादाचा गमछा आठवला, तंबाखूचा आणि घामाचा वास असलेला, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं. अंधारात आपल्याला जमतं. फक्त घाई करायची नाही, पीळ आपोआप लागतो. तो जय्यत तयारीने बसला, 'हो' जिभेवर घेऊन. वरचा पंखा कुरकुरत होता. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बाई जवळ आली असावी. मग बराच वेळ काही नाही. ती कागद लिहीत असेल. दवाखान्यात वाट बघायची त्याला सवय झाली होती, त्यामुळे तो थांबला. चंचलच्या बांगड्या वाजल्या. मग तिचा श्वास ऐकू आला, आत ओढलेला आणि न सोडलेला, आणि मग पदरात कोंबलेला एक बारीकसा हुंदका. आता हिला काय झालं? अजून तर काही झालंही नाही.

"करा ना सुरू, बेन," तो डोळे न उघडता म्हणाला.

"काका," डॉक्टरबाई म्हणाली, "झालं. डोळे उघडा."